आधी अर्ज, आधी जागा?

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंतच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि नेट कॅफेंत एक सल्ला फुकट मिळतो: 'पहिल्याच दिवशी भरून टाका. उशीर झाला की नंबर मागं जातो.' देणारा कधी दुकानदार असतो, कधी शेजारच्या खुर्चीतले काका. सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की त्याला नियमाचा आधार आहे का, हे कुणी विचारत नाही.

२०२५ मध्ये या घाईला नवं निमित्त मिळालं. तोवर अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे-पिंपरी चिंचवड, नागपूर, नाशिक आणि अमरावती एवढ्याच भागांत होत. त्या वर्षी ही पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली आणि संगमेश्वर, दयानंद, वालचंद अशा कॉलेजांच्या फलकावर गुणवत्ता यादी बघायला उन्हात जाणारं सोलापूरही मोबाइलच्या पडद्याकडे वळलं. दहावीचा निकाल १३ मे रोजी आला. २१ मे रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळाने मान टाकली आणि गाडी रुळावर यायला २६ मे उजाडला. मधले दिवस आईबाप रिफ्रेशचं बटण दाबत बसले. या बटण दाबण्याने एकाही मुलाचा गुणानुक्रम एका घरानेही वर सरकला नाही, कारण गुणवत्ता यादीत अर्जाची वेळ हा निकषच नाही.

अभियांत्रिकीच्या यादीतही तो नाही. दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर आधी गणिताचे पर्सेंटाइल पाहतात, मग भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग बारावीच्या गुणांकडे वळतात. कुणी सकाळी अकराला फॉर्म भरला आणि कुणी शेवटच्या संध्याकाळी, याची नोंद यंत्राकडे असते, पण ती निवडीसाठी वापरली जात नाही.

मग ही समजूत आली कुठून? काही अंशी ती खऱ्या अनुभवातून आलेली आहे. काही वर्षांपूर्वी मोठ्या शहरांतल्या ऑनलाइन अकरावी प्रवेशात नियमित फेऱ्या संपल्यावर 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' नावाची फेरी घेतली जायची. उरलेल्या जागा, गुणांचे टप्पे, आणि त्या टप्प्यात जो आधी क्लिक करेल त्याची जागा. तिथे वेगाला अर्थ होता. आता त्या फेरीची जागा 'सर्वांसाठी खुली' फेरीने घेतली आहे आणि तिथे पुन्हा गुणच बोलतात. फेरी गेली, तिची धास्ती मात्र राहिली. शिवाय एसटीचं आरक्षण, रेल्वेचं तत्काळ, रॉकेलची जुनी रांग, या सगळ्यांनी शिकवलेलं एकच: आधी जाईल त्याला मिळेल. प्रवेशप्रक्रिया त्याला अपवाद असेल यावर विश्वास बसणं जडच.

आधी अर्ज केल्याने प्रवेशाची शक्यता वाढते का, हा प्रश्न मुळात अमेरिकेत गाजलेला आहे. तिथल्या अनेक खासगी विद्यापीठांत 'अर्ली डिसिजन' नावाची सोय असते. साधारण १ नोव्हेंबरपर्यंत एकाच विद्यापीठाकडे अर्ज करायचा, निवड झाली तर तिथेच जाईन असं लिहून द्यायचं, आणि डिसेंबरमध्ये निकाल घ्यायचा. म्हणजे यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: लवकर येणं आणि शब्द देणं. महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेशात पहिली गोष्ट निरुपयोगी आहे. दुसरी मात्र इथेही आहे, वेगळ्या नावाने, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही.

अकरावीच्या अर्जात किमान १ आणि कमाल १० कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घेणं बंधनकारक. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांची दारं बंद. २०२५ च्या पहिल्या फेरीत राज्यात सुमारे सव्वासहा लाख विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या आणि त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक मुलांना पहिलीच पसंती मिळाली. म्हणजे जागा मिळालेल्या दर दहांपैकी सात मुलांचा प्रश्न पहिल्या ओळीनेच निकाली काढला. ती ओळ काकांच्या सांगण्यावरून भरली होती की स्वतः विचार करून, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

अभियांत्रिकीत हे बंधन टप्प्याटप्प्याने आवळत जातं. सीईटी कक्षाने २०२५-२६ साठी चार फेऱ्या ठेवल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर जागा आपोआप 'फ्रीज', म्हणजे कायम; पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तरी फ्रीज. तिसरीत पहिल्या सहापैकी. इतर पसंती मिळाल्यास हजार रुपये भरून जागा हातात ठेवायची आणि पुढच्या फेरीत चांगल्याची वाट बघायची, याला बोलीभाषेत 'बेटरमेंटला जाणं' म्हणतात. चांगली जागा मिळाली की जुनी आपोआप जाते. न मिळाल्यास जुनी राहते.

इथे सोलापूरच्या घराघरांत होणारी चूक जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, एका मुलीला सांगलीचं वालचंद कॉलेज हवंय, पुण्याचं सीओईपी स्वप्नात आहे आणि घरच्यांना सोलापूरची वालचंद इन्स्टिट्यूट सोयीची वाटते. (दोन्ही वालचंद वेगळी. सांगलीचं १९४७ सालचं, सोलापूरचं १९८३ चं.) मुलीचे गुण सांगलीच्या गेल्या वर्षीच्या कटऑफच्या काठावर आहेत. घरात चर्चा होते: सांगली पहिली टाकली आणि नाही मिळाली तर सोलापूरही हातचं जाईल; म्हणून सोलापूर पहिलं टाकू. फॉर्म जातो, पहिल्या फेरीत सोलापूर मिळतं आणि फ्रीज होतं. चार दिवसांनी कळतं की सांगलीचा कटऑफ यंदा खाली आला आणि तिच्याहून कमी गुणांचा मुलगा तिथे गेला.

तिचं सोलापूर हातचं जाणार नव्हतंच. यंत्र चालतं ते असं: गुणानुक्रमाने एकेका विद्यार्थ्याचा नंबर येतो, त्याची यादी वरून खाली वाचली जाते, आणि त्याच्या प्रवर्गात जी पहिली जागा शिल्लक असेल ती त्याला दिली जाते. सोलापूर पहिलं टाकणारा ८५ पर्सेंटाइलचा मुलगा सोलापूर बाराव्या क्रमांकावर टाकणाऱ्या ९० पर्सेंटाइलच्या मुलीला मागे टाकू शकत नाही. वरचं सगळं भरलं असेल तर बाराव्या ओळीतली जागा तिला तितक्याच हक्काने मिळते. कॉलेजला तुमची पसंती कळत नाही, आणि कळली तरी तिला किंमत नाही.

सगळीकडे असं नव्हतं. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात शाळाप्रवेशात पहिली पसंती देणाऱ्याला खरंच अग्रक्रम मिळे. त्यामुळे पालकांना मनातली शाळा सोडून मिळेल ती शाळा पहिली टाकावी लागे आणि डावपेच न जमणारी घरं मार खात. २००५ मध्ये बोस्टनने ही पद्धत मोडीत काढली. इंग्लंडच्या शाळाप्रवेश संहितेनेही २००७ मध्ये तिच्यावर बंदी आणली. त्याऐवजी आलेल्या पद्धतीचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं. त्या विषयावरच्या कामासाठी शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आयआयटी-एनआयटीच्या संयुक्त प्रवेशाची यंत्रणाही त्याच कुळातली. सोलापूरचे काका मात्र अजून जुन्या बोस्टनचे नियम सांगत आहेत.

तरीही 'मनात आहे तसं लिहा' एवढ्यावर भागत नाही, दोन ठिकाणी डोकं लावावं लागतं. अकरावीच्या यादीत दहाच ओळी आहेत. गुण ७० टक्के आणि दहाही कॉलेजं नव्वदीच्या कटऑफची, असं केलं तर फेरी कोरडी जाणार. तळाच्या दोनतीन ओळींत खात्रीचं कॉलेज हवंच. अभियांत्रिकीत तीनशेपर्यंत पर्याय देता येतात, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. दुसरी गोष्ट आपोआप फ्रीजची. दुसऱ्या फेरीत तिसरी पसंती मिळाली की पहिल्या दोन्ही पसंतींची आशा संपते, भले पुढच्या फेरीत त्यांचा कटऑफ घसरला तरी. म्हणून जाणती मुलं वरच्या ओळींत आवडती पण आवाक्याबाहेरची कॉलेजं ठेवतात आणि ज्याच्यावर अजून मन पक्कं नाही असं कॉलेज पहिल्या तीन किंवा सहांत येऊ देत नाहीत. यात लबाडी काही नाही. नियमाने जेवढी मोकळीक ठेवली आहे तेवढी ते वापरतात.

हे यंत्र इतकं कोरडं का केलं, याला महाराष्ट्राचाच इतिहास कारण आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. सोलापूरची वालचंद इन्स्टिट्यूट त्याच वर्षीची. त्याआधी पैसेवाल्या घरची मुलं कर्नाटकात जाऊन देणगी भरत. आता ती सोय घराजवळ आली. त्या काळातला 'अर्ली डिसिजन' म्हणजे निकालाआधीच संस्थाचालकांना भेटून आकडा ठरवणं. १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीबंदीचा कायदा केला, पण पाणी वळण शोधत राहिलं. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोफत आणि सशुल्क जागांची विभागणी करून गुणवत्तेवर जागा भरायला लावल्या. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात खासगी संस्थांची स्वायत्तता मान्य करतानाच प्रवेश पारदर्शक आणि शोषणमुक्त हवेत असं बजावलं. २०१५ च्या राज्य कायद्याने प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणं उभी केली. कॉलेजला 'हा मुलगा आमच्याकडेच येणार म्हणतोय' असं म्हणण्याची संधी मिळू नये, हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा. अमेरिकेत जो शब्द गुण ठरतो, तोच इथे देणगीचा दरवाजा ठरला होता.

तो दरवाजा पूर्ण बंद नाही. संस्था स्तरावरच्या जागा, म्हणजे लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या, वीस टक्क्यांपर्यंत असतात. त्याही गुणवत्तेनुसार भरायच्या हा नियम आहे. पण निकालाआधीच 'सीट पकडून ठेवा, नंतर रेट वाढतो' असं सांगणारे मध्यस्थ मे महिन्यात फोन करू लागतात. खासगी विद्यापीठांच्या फेऱ्याही जानेवारी-फेब्रुवारीपासून चालू असतात आणि लवकरच्या फेरीत शिष्यवृत्तीचं आमिष जास्त असतं. इथे आधी जाण्याचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची किंमत पावतीवर छापलेली नसते.

ती किंमत अशी: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती केंद्रीय प्रवेशातून, म्हणजे कॅपमधून, आलेल्यांनाच मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळाली. तीही कॅपमधून प्रवेश घेतल्यास. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू नाही. अक्कलकोट किंवा बार्शीच्या शेतकऱ्याने मुलीची जागा 'सुरक्षित' करण्यासाठी एप्रिलमध्ये पैसे भरले, तर जुलैमध्ये फुकट मिळू शकणारं शिक्षण चार वर्षं विकत घेण्याची तयारी त्याने केलेली असते. हे हिशेबाने ठरवलं असेल तर हरकत नाही. बहुतेक वेळा ते भीतीने ठरतं.

आधी भरलेले पैसे बुडतातच असंही नाही. यूजीसीने २०१८ मध्ये शुल्क परताव्याचे टप्पे ठरवून दिले आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला मनाई केली. २०२४-२५ साठी तर ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत हजार रुपये कापून बाकीचं परत, असा आदेश होता. काउंटरवर 'नॉन रिफंडेबल' असा शिक्का मारलेली पावती दाखवली की पालक माघारी फिरतात. शिक्क्याने आदेश रद्द होत नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही.

याहून मोठी आगाऊ पकड क्लासवाल्यांची. सोलापूरच्या हुशार मुलांचा एक ओघ दरवर्षी लातूरला जातो आणि तिथल्या, पुण्यातल्या किंवा सोलापुरातल्याच क्लासेसच्या 'स्कॉलरशिप टेस्ट' दहावीच्या सहामाहीतच होतात. डिसेंबरपर्यंत भरल्यास इतकी सूट, मार्चनंतर नाही. मुलगा डॉक्टर होणार की इंजिनिअर, हा निर्णय दहावीची पूर्वपरीक्षाही झालेली नसताना सवलतीच्या तारखेने होतो. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दहावीच्या परीक्षेनंतरच नोंदणी आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत, असं स्पष्ट म्हटलं आहे.

वैद्यकीयचं थोडक्यात. तिथेही अर्जाच्या तारखेला किंमत नाही, नीटचा क्रमांकच चालतो. पण शब्दाची किंमत फेरीगणिक वाढते: अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीत जागा सोडली तर काही जात नाही, दुसरीत सोडली तर अनामत जाते. अनामत सर्वसाधारण गटाला दहा हजार, अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालयात जागा मिळेल या आशेवर अभिमतची जागा धरून बसणाऱ्यांना हे दोन लाख पाठ असतात.

आता अमेरिकेचा निवाडा. तिथे या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. क्रिस्टोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी चौदा नामांकित कॉलेजांचे पाच लाखांवर अर्ज तपासून २००३ मध्ये पुस्तक काढलं. त्यांचा निष्कर्ष असा की, इतर सगळं सारखं धरलं तर लवकर अर्ज करणं हे सॅट परीक्षेत सुमारे शंभर गुण जास्त मिळवण्याइतकं उपयोगी ठरतं. ॲव्हरी आणि जोनाथन लेव्हिन यांनी २०१० मध्ये पुन्हा मोजलं. उत्तर जवळपास तेच आलं. कच्चे आकडे याहूनही डोळे दिपवणारे असतात. २०२४ च्या प्रवेशासाठी ब्राउन विद्यापीठाकडे अर्ली डिसिजनने ६,२४४ अर्ज आले, ८९८ निवडले गेले, म्हणजे १४ टक्के; नंतरच्या फेरीत ४ टक्केही नाहीत. पण हा सगळा फरक घाईचा नाही. लवकरच्या गठ्ठ्यात संघासाठी आधीच निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं आणि महागड्या शाळांतून तयार होऊन आलेली मुलं जास्त असतात. ती वजा केल्यावरही फायदा उरतो, फक्त चौपट राहत नाही.

फायदा का उरतो, याचं कारण कॉलेजच्या स्वार्थात आहे. शब्द दिलेला विद्यार्थी नक्की येतो. किती जण येतील हा अंदाज बांधावा लागत नाही. पण शब्द कोण देऊ शकतो? ज्याला फीची तुलना करायची नाही तो. जेम्स फॅलोज यांनी २००१ मध्ये 'अटलांटिक' मासिकात या पद्धतीवर झोड उठवली ती याचसाठी. हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने २००६ मध्ये लवकरचे प्रवेश बंद करण्याची घोषणा केली. बाकीचे मागे आले नाहीत, तेव्हा हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २०११ मध्ये बंधन नसलेल्या रूपात ते पुन्हा सुरू केले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर ३२ विद्यापीठांवर याच कारणाने स्पर्धाविरोधी वर्तनाचा दावा दाखल झाला. ब्रिटनचा रिवाज उलटा आहे: ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसाठी जानेवारीतली तारीख, आणि त्या तारखेच्या आत आलेल्या सगळ्यांचा विचार सारखाच.

अमेरिकेतल्या एडिसन किंवा बे एरियातल्या मराठी घरात हा खेळ नववीपासून माहीत असतो. सोलापुरातून थेट पदवीसाठी अमेरिकेला निघालेल्या मुलाची गोष्ट वेगळी. राज्य मंडळाच्या बारावीचा निकाल मे महिन्यात, अर्ज नोव्हेंबरमध्ये. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी आणि पालकासोबत शाळेच्या समुपदेशकाची सही लागते आणि कनिष्ठ महाविद्यालयात ते पद बहुधा नसतंच. प्राचार्यांना समजावून सांगावं लागतं. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक कुवत न पाहता निवड करणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. ब्राउन त्यात अगदी अलीकडे आलं. मदत अपुरी मिळाली तर करारातून सुटता येतं, पण तोवर दुसरीकडची मदत किती मिळाली असती हे कळायचा मार्ग बंद झालेला असतो. शिष्यवृत्तीशिवाय ज्याचं जमणार नाही, त्याने बंधनकारक अर्ज टाळून बंधन नसलेल्या 'अर्ली ॲक्शन'कडे जावं, हे बरं.

महाराष्ट्रात घाई खरोखर कामाला येते ती वेगळ्याच खिडकीपाशी. अभियांत्रिकीत ठरलेल्या मुदतीत नोंदणी आणि कागदपत्र तपासणी झाली नाही तर नाव कॅपमध्ये येतच नाही. मग उरल्यासुरल्या नॉन-कॅप जागा. राखीव प्रवर्गाच्या मुलाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीची नोंद शोधायला वेळ लागतो. कधी ती मोडीत असते, कधी आडनावच बदललेलं असतं. सोलापूरच्या पद्मशाली घरांत तर जुना दाखला तेलंगणातल्या गावचा असू शकतो. बारावीचा निकाल लागल्यावर हे शोधायला निघालेला मुलगा ९५ पर्सेंटाइल असूनही खुल्या गटात ढकलला जातो.

इथेही फार आधी जाऊन चालत नाही. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. हौसेने डिसेंबरात काढून ठेवलेला कागद त्याच मार्चअखेर संपणारा असेल तर तो जूनमध्ये सेतू केंद्रावर नव्याने काढावा लागतो, आणि तेव्हा तिथे सगळा जिल्हा उभा असतो. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीत, नॉन-क्रिमीलेअरचा एप्रिलमध्ये, आणि पसंतीक्रम शेवटच्या दोन दिवसांत, गेल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून.